छोटं डिझेल इंजिन का गेलं? मारुतीचा २०१९ चा निर्णय आणि कोकणातली एर्टिगा

एप्रिल २०१९ च्या शेवटी मारुती सुझुकीचे अध्यक्ष आर. सी. भार्गव यांनी जाहीर केलं, की १ एप्रिल २०२० पासून कंपनी एकही डिझेल गाडी विकणार नाही. तेव्हा कंपनीच्या देशातल्या विक्रीत डिझेलचा वाटा सुमारे २३ टक्के होता, म्हणजे जवळजवळ चारातली एक गाडी. विशेष म्हणजे त्याच्या काही आठवडेच आधी कंपनीनं स्वतः विकसित केलेलं १.५ लिटरचं नवंकोरं डिझेल इंजिन सियाझमध्ये बसवून बाजारात आणलं होतं. एर्टिगातही ते लगोलग आलं. बाजारात आलेल्या इंजिनाचं पहिलं वर्ष पूर्ण होण्याआधीच त्याचा शेवटचा दिवस ठरला होता.

डिप्लोमाच्या ऑटोमोबाइल शाखेतल्या मुलांना हे सांगितलं, की पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते: कंपनीचं नियोजन चुकलं. मला ते इतकं सरळ वाटत नाही. हे प्रकरण नीट उलगडलं तर नियम बदलत असताना गाड्यांच्या कंपन्या इंजिनाचा निर्णय कसा घेतात, हे कुठल्याही पाठ्यपुस्तकापेक्षा चांगलं समजतं. शिवाय याचा थेट परिणाम आपल्या भागातल्या माणसांवर झाला आहे, म्हणून ते आपल्या रस्त्यावरून बघू.

गाडीवाल्याची बाजू

गुहागर तालुक्यातले एक पर्यटक-गाडीवाले माझ्या ओळखीचे आहेत. सगळे त्यांना भाऊ म्हणतात. २०१३ साली त्यांनी १.३ लिटर डिझेलची एर्टिगा घेतली. उन्हाळ्यात मुंबई-पुण्याचे पर्यटक, मे महिन्यात आंबा, गणपतीला आणि शिमग्याला चाकरमानी, मध्ये लग्नसराई आणि दवाखान्याची भाडी. वर्षाला ४५ हजार किलोमीटरच्या आसपास गाडी पळायची. २०१९ च्या दिवाळीनंतर ती बदलायची वेळ आली, तेव्हा शोरूममधल्या पोरानं त्यांना सांगितलं, "भाऊ, डिझेल आता मार्चपर्यंतच. नंतर पेट्रोल किंवा सीएनजी."

भाऊंचा प्रश्न साधा होता. सात माणसं, वर कॅरियरवर आंब्याच्या पेट्या आणि समोर कुंभार्ली घाट. पेट्रोल गाडी हे ओढेल का, आणि ओढलं तर किती पिईल?

कागदावर उत्तर असं दिसतं. एर्टिगाच्या १.५ लिटर पेट्रोल इंजिनाची ताकद १०५ पीएस (अश्वशक्तीसारखंच मोजमाप), डिझेलची ९५ पीएस. म्हणजे पेट्रोल वरचढ. पण घाटात गाडी ओढतो तो टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर. पेट्रोलचा टॉर्क १३८ न्यूटन-मीटर, तोही इंजिन मिनिटाला ४४०० फेऱ्यांवर गेल्यावर. डिझेलचा २२५, आणि तो १५०० फेऱ्यांपासूनच हाताशी. भरल्या गाडीनं वळणावर वेग पडला, की पेट्रोलवाल्याला गिअर खाली घेऊन इंजिन ओरडवावं लागतं, डिझेलवाला आहे त्याच गिअरमध्ये निघून जातो. भाऊंना हे आकडे माहीत नव्हते, पण "पेट्रोल घाटात धापा टाकते" हे त्यांचं वाक्य त्या आकड्यांचंच वर्णन आहे.

सीएनजीचा पर्याय २०२० साली आपल्याकडे जवळपास नव्हताच. महाडच्या खाली सीएनजीचा पंप दिसणं दुर्मीळ होतं. टाकीमुळे डिकी जाणार, ते वेगळंच. मागे सामान ठेवायला जागा नसलेली गाडी मुंबईहून येणाऱ्या कुटुंबाला काय कामाची?

शेवटी भाऊंनी जानेवारी २०२० मध्ये बीएस-४ डिझेलची, म्हणजे त्या शेवटच्या खेपेतली एर्टिगा घेतली. (बीएस म्हणजे भारत स्टेज, गाडीच्या धुरावरचा सरकारी नियम. पुढचा आकडा जितका मोठा, तितका नियम कडक.) मार्चमध्ये टाळेबंदी लागली, पर्यटन शून्यावर आलं आणि जूनच्या ३ तारखेला निसर्ग चक्रीवादळ किनाऱ्यावर धडकलं. पण गाडीची निवड म्हणून तो निर्णय त्यांच्यापुरता बरोबर होता. तो का, आणि मग कंपनीचा उलटा निर्णयही बरोबर कसा असू शकतो, हाच या प्रकरणाचा गाभा आहे.

इंजिन ज्या जगासाठी बनलं, ते जग

कोऱ्या कागदापासून नवं इंजिन बाजारात यायला साधारण चार-पाच वर्षं लागतात, आणि मग त्यानं दहा-पंधरा वर्षं विकलं जावं असा हिशेब असतो. म्हणजे २०१९ मध्ये आलेल्या इंजिनाचा विचार सुरू झाला तेव्हाचा बाजार वेगळा होता, हे उघड आहे.

२०१२-१३ च्या सुमारास देशात विकल्या जाणाऱ्या निम्म्याहून अधिक प्रवासी गाड्या डिझेलच्या होत्या. पेट्रोलचे भाव जून २०१० मध्ये सरकारी नियंत्रणातून सुटले, डिझेलचे सुटले नाहीत. त्यामुळे लिटरमागे तीस रुपयांच्या आसपास फरक पडला होता. मारुती तोवर फियाटच्या परवान्यावर बनणारं १.३ लिटरचं इंजिन वापरत होती. स्विफ्ट, डिझायर, एर्टिगा, ब्रेझा सगळीकडे तेच. टाटा आणि फियाटच्या गाड्यांतही त्याच घराण्याचं इंजिन असायचं. दुसऱ्याच्या परवान्यावर किती दिवस काढायचे, म्हणून स्वतःचं इंजिन करणं हा अगदी शहाणा विचार होता. त्याचा आकार १४९८ घन सेंटिमीटर ठेवण्यामागेही नियमच होता: चार मीटरच्या आतल्या डिझेल गाडीला कमी कर हवा असेल, तर इंजिन १५०० च्या पुढे जाता कामा नये.

मग एकामागून एक पायाखालची जमीन हलली. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे भावही मुक्त झाले आणि फरक आटत गेला. सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगननं डिझेल गाड्यांच्या धुराच्या चाचणीत केलेला घोटाळा उघड झाला आणि जगभर डिझेलकडे संशयानं बघायला सुरुवात झाली. डिसेंबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दिल्ली परिसरात २००० घन सेंटिमीटर आणि त्यावरच्या डिझेल गाड्यांची नोंदणी थांबवली. महिंद्रानं काही आठवड्यांत १.९९ लिटरचं इंजिन बसवून स्कॉर्पिओ आणि एक्सयूव्ही ५०० पुन्हा विकायला काढल्या, आणि ऑगस्ट २०१६ मध्ये एक टक्का अधिभार लावून ती बंदी उठलीसुद्धा. नियमांच्या या खेळात असा चपळपणाही कामाला येतो, पण तो प्रत्येक वेळी पुरत नाही.

जानेवारी २०१६ मध्ये सरकारनं सगळ्यात मोठं पाऊल टाकलं: बीएस-५ गाळून एप्रिल २०२० पासून थेट बीएस-६. युरोपनं जी पायरी दोन टप्प्यांत चढली, ती इथे एका उडीत चढायची होती.

तारखेबाबत कंपन्या एकदा पोळल्या होत्या. १ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ लागू होणार हे ठरलेलं होतं, पण कंपन्या धरून चालल्या होत्या की ती तारीख उत्पादनाची आहे आणि आधी बनलेला साठा नंतर विकता येईल. २९ मार्च २०१७ ला, म्हणजे तीन दिवस आधी, सर्वोच्च न्यायालयानं विक्री आणि नोंदणीच थांबवली. कंपन्या आणि डीलर यांच्याकडे मिळून सव्वाआठ लाखांच्या आसपास बीएस-३ गाड्या पडून होत्या, त्यात बहुतांश दुचाकी. त्यानंतरचे दोन दिवस शोरूमसमोर कशी झुंबड उडाली होती, हे ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायला नको. बीएस-६ च्या वेळी न्यायालयानं ऑक्टोबर २०१८ मध्येच स्पष्ट केलं, की ३१ मार्च २०२० नंतर बीएस-४ विकता येणार नाही. मारुतीनं बीएस-६ पेट्रोल गाड्या एप्रिल २०१९ पासूनच, म्हणजे वर्षभर आधी, बाजारात आणायला सुरुवात केली. २०१७ चा धडा तिथे दिसतो.

फिल्टरचा हिशेब

आता मुद्द्याचं. बीएस-६ नं पेट्रोल आणि डिझेलला सारखं वागवलं नाही, आणि वागवायला नकोच होतं, कारण धूर सारखा नाही. पेट्रोल गाडीला नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा किलोमीटरला ०.०८ ग्रॅमवरून ०.०६ वर आणायची होती. डिझेल गाडीला ०.२५ वरून ०.०८ वर, आणि काजळीचे कण ०.०२५ वरून ०.००४५ वर. पेट्रोल इंजिनात सुधारणा करून, धूर साफ करणारा कॅटॅलिस्ट चांगला करून भागलं. डिझेलला सायलेन्सरच्या रांगेत एक छोटा रासायनिक कारखानाच बसवावा लागला: काजळी अडवणारा डीपीएफ, नायट्रोजन ऑक्साइड मोडणारी वेगळी यंत्रणा, मोठ्या गाड्यांत युरियाची टाकी, आणि हे सगळं नीट चालतंय ना हे बघणारे दाबाचे, तापमानाचे सेन्सर.

या यंत्रणेचा खर्च इंजिनाच्या आकाराप्रमाणे फारसा कमी होत नाही. फिल्टरचा सिरॅमिक तुकडा थोडा लहान करता येतो, त्यावरचा मौल्यवान धातूचा लेप थोडा कमी होतो. पण सेन्सर तेवढेच लागतात, चाचण्या तेवढ्याच लागतात, संगणकात घालायचं गणित तेवढंच लागतं. तेव्हा उद्योगातून जे अंदाज दिले जात होते, ते डिझेल गाडीमागे लाख-दीड लाखांच्या वाढीचे होते. सोयीसाठी एक लाख धरा. अठरा लाखांच्या गाडीत ते अठरावा हिस्सा. सहा लाखांच्या गाडीत सहावा हिस्सा. अठरा लाखवाला कुरकुरत देईल. सहा लाखवाला समोरची पेट्रोल गाडी घेईल.

भाऊंच्या एर्टिगावर गणित करून बघू. आकडे माझे, ढोबळ, पण घाटरस्त्याला धरून: पेट्रोलला लिटरमागे १३ किलोमीटर, डिझेलला १८. २०१२ च्या सुमाराचे भाव पेट्रोल ७५ आणि डिझेल ४६ धरले, तर किलोमीटरमागे जवळपास ३ रुपये २० पैसे वाचतात. गाडी १ लाख २० हजारांनी महाग असेल, तर साधारण ३७ हजार किलोमीटरमध्ये ती रक्कम फिटते. २०१९-२० चे भाव ८० आणि ७० धरा. बचत सव्वादोन रुपयांवर येते आणि तीच रक्कम फिटायला ५३ हजार किलोमीटर लागतात. आता त्यात बीएस-६ चा एक लाख मिळवा. फरक २ लाख २० हजार, आणि फिटायला ९७ हजार किलोमीटर.

वर्षाला दहा हजार किलोमीटर गाडी चालवणारा चिपळूणचा एखादा शिक्षक घ्या. त्याचे पैसे २०१२ मध्ये चार वर्षांच्या आत वसूल होत होते, बीएस-६ डिझेलमध्ये वसूल व्हायला जवळपास दहा वर्षं लागली असती. तो डिझेल घेणार नाही, आणि घेऊही नये. भाऊंचे २०१२ मध्ये दहा महिन्यांत वसूल होत होते. बीएस-६ डिझेल एर्टिगा निघाली असती, तर सव्वादोन वर्षांत झाले असते. त्यानंतर गाडी पाच-सहा वर्षं निव्वळ कमाईत. भाऊंसाठी डिझेल २०२० नंतरही फायद्याचंच होतं.

कंपनीनं दोघांपैकी कोणाला डोळ्यासमोर ठेवायचं? संख्येनं शिक्षक खूप जास्त. मारुतीच्या डिझेल गिऱ्हाइकांतला मोठा भाग स्वस्त इंधनाच्या ओढीनं आला होता, खूप पळवायची म्हणून नव्हे. भाव जवळ आले तसा तो आपोआप पेट्रोलकडे वळला. उरलेल्या भाऊंसारख्यांसाठी सबंध यंत्रणा, सुटे भाग, कारखान्यातली जुळणीची रांग चालू ठेवायची, तर प्रत्येक गाडीवर तो खर्च आणखी वाढतो. म्हणून २०१९ मध्ये मारुतीनं आधी ओतलेला पैसा बाजूला ठेवून पुढचा पैसा ओतायचा का, एवढंच बघितलं. ते मला योग्य वाटतं. झालेल्या खर्चाकडे बघत बसलेल्या कंपन्या असल्या वळणावर जास्त खोल जातात.

फिल्टर आणि आपला रस्ता

डीपीएफमध्ये साठलेली काजळी जाळण्यासाठी आतलं तापमान सहाशे अंश सेल्सिअसच्या आसपास न्यावं लागतं. त्यासाठी गाडी पंधरा-वीस मिनिटं एका लयीत, बऱ्यापैकी वेगानं चालायला हवी. हायवेवर ते आपोआप होतं. पण आपला मुंबई-गोवा महामार्ग इतकी वर्षं कामाखाली होता आणि अनेक ठिकाणी अजून आहे. डायव्हर्जन, खड्डे, पुलाच्या आधीची रांग. शहरात बाजार, शाळा, स्टेशन, परत घर.

चिपळूणला बहादूरशेख नाक्याच्या जवळच्या एका गॅरेजमध्ये भर पावसात एक बीएस-६ डिझेल गाडी उभी होती. डॅशबोर्डवर डीपीएफचा पिवळा दिवा. मालक वैतागलेला, गाडी जेमतेम वर्षाची. मेकॅनिकनं बॉनेटसुद्धा उघडलं नाही. विचारलं, "काका, गाडी कुठे फिरते रोज?" उत्तर आलं, दुकान ते घर, घर ते दुकान. तो म्हणाला, "आता टाकी भरा, आणि खेडच्या पुढे कशेडीपर्यंत एका गिअरमध्ये, न थांबता जाऊन या. दिवा गेला तर गेला, नाही तर लॅपटॉप लावू." दिवा गेला. पण ही गाडी त्या माणसासाठी नव्हतीच, हेही तेवढंच खरं. त्याच रस्त्यावर रोज घाट चढणाऱ्या भाऊंच्या गाडीला हा त्रास क्वचितच झाला असता.

एकाच भागात, एकाच नियमाखाली, एकाच तंत्राचे दोन वेगळे निकाल लागतात ते असे. देशाच्या सरासरीवर आखलेल्या योजनेत हा फरक दिसत नाही.

बाकीच्यांनी काय केलं

कंपनीचा निर्णय एकटा बघून कळत नाही, शेजारी बघावं लागतं. टाटानं टियागोतलं १.०५ लिटरचं डिझेल बंद केलं, पण नेक्सॉन आणि अल्ट्रोझमधलं १.५ लिटरचं ठेवलं. महिंद्रानं केयूव्ही १०० मधलं १.२ लिटरचं सोडलं, बोलेरो-स्कॉर्पिओचं डिझेल राखलं. फोक्सवॅगन-स्कोडा आणि रेनॉ-निस्साननी आपली १.५ लिटरची डिझेल इथे बंद केली. होंडानं १.५ लिटर चालू ठेवलं, ह्युंदाईनं १.४ आणि १.६ लिटरच्या जागी नवं १.५ लिटर आणलं. टोयोटानं इटिओसचं १.४ लिटर सोडलं, इनोव्हाचं २.४ लिटर ठेवलं. जे पडले ते बहुतेक लहान होते.

एप्रिल २०२३ मध्ये बीएस-६ चा दुसरा टप्पा आला. गाडी प्रयोगशाळेबरोबर रस्त्यावरही तपासायची, चढ-उतार, गर्दी, उन्हाळा सगळ्यात. तेव्हा होंडानं डिझेल पूर्ण सोडलं, ह्युंदाईनं आय२० मधून काढलं पण क्रेटामध्ये ठेवलं. पुन्हा तीच रेष, फक्त थोडी वर सरकलेली.

मारुतीच्या निर्णयावर माझा एकच आक्षेप आहे, आणि तो एर्टिगापुरता आहे. स्विफ्ट-डिझायरमधून डिझेल काढणं रास्त होतं. पण एर्टिगा ही देशभर भाड्याच्या धंद्यातली गाडी, तिचं गिऱ्हाईक जास्त पळवणारं, आणि इंजिन तर तयार होतं. ती जागा रिकामी राहिली नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये किआनं कॅरेन्स आणली, तीन रांगांची, त्याच धाटणीची, आणि १.५ लिटर डिझेलसह. मारुतीचा बाजारातला वाटा २०१८-१९ मध्ये ५१ टक्क्यांच्या आसपास होता, तो २०२२-२३ पर्यंत ४१ च्या आसपास आला. याचं मोठं कारण एसयूव्हींची कमतरता हे होतं, सगळं खापर डिझेलवर फोडता येणार नाही. पण ब्रेझासारख्या गाडीचं डिझेल गेल्यावर ती गिऱ्हाइकं शेजारच्या शोरूममध्ये गेली, हे कुठलाही डीलर सांगेल.

दुसऱ्या बाजूला सीएनजीचा डाव जमला. आज मारुतीच्या देशात विकल्या जाणाऱ्या गाड्यांपैकी जवळपास तीनातली एक सीएनजी आहे. इथे आणखी एक नियम मध्ये येतो, ज्याकडे बीएस-६ च्या गोंगाटात दुर्लक्ष होतं. कॅफे नावाच्या नियमात कंपनीच्या सगळ्या विकलेल्या गाड्यांचा मिळून सरासरी कार्बन डायऑक्साइड मोजतात. २०२२-२३ पासून ही सरासरी किलोमीटरला ११३ ग्रॅमच्या आसपास आणायची होती, आधी ती १३० होती. डिझेल इंजिन कमी इंधन पितं, त्यामुळे त्याचा कार्बनही कमी. म्हणजे एक नियम डिझेलला दाराबाहेर ढकलत होता आणि दुसऱ्या नियमाला तेच घरात हवं होतं. डिझेल सोडणाऱ्या कंपनीला ही सरासरी सीएनजी, हायब्रिड किंवा इलेक्ट्रिकमधून भरून काढावी लागते. मारुतीनं २०२२ मध्ये टोयोटाच्या साथीनं ग्रँड व्हिटारात स्ट्राँग हायब्रिड (पेट्रोल इंजिन आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी गाडी) आणली त्याचा एक धागा इथे आहे, कारण या मोजणीत हायब्रिड गाडी दोन गाड्यांइतकी आणि इलेक्ट्रिक तीन गाड्यांइतकी धरली जाते.

बॅटरीचं गणित उलटं चालतं

फिल्टरचा खर्च आकाराबरोबर कमी होत नाही, म्हणून लहान गाडी आधी मेली. बॅटरीचा खर्च मात्र किलोवॅट-तासाला, म्हणजे ती साठवते त्या विजेच्या एका युनिटमागे मोजतात. लहान गाडी, कमी अंतर, म्हणजे लहान बॅटरी आणि कमी खर्च. २०१० च्या सुमारास जगात किलोवॅट-तासाला हजार डॉलरच्या वर पडणारी बॅटरी २०२४ मध्ये सरासरी ११५ डॉलरवर आली, आणि ही घसरण सगळ्यात आधी लहान गाड्यांच्या कामी आली. म्हणून आपल्या देशात विजेवर सगळ्यात वेगानं गेली ती तीनचाकी. आज विकल्या जाणाऱ्या तीनचाकींपैकी निम्म्याहून अधिक इलेक्ट्रिक आहेत. दुचाकी तीनचाकीपेक्षा लहान असूनही मागे आहे, कारण रिक्षा रोज ऐंशी-शंभर किलोमीटर पळते आणि घरची स्कूटर दहा-पंधरा. आकार आणि रोजचं अंतर, दोन्ही जुळलं की नियम असो नसो, गणित सुटतं.

याच्या अगदी उलट टोकाला अनुदान बसतं. जून २०२३ मध्ये केंद्रानं इलेक्ट्रिक दुचाकींची मदत किलोवॅट-तासाला १५ हजारांवरून १० हजारांवर आणली आणि कमाल मर्यादा गाडीच्या किमतीच्या ४० टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर. तीन किलोवॅट-तासांच्या स्कूटरची मदत एका रात्रीत निम्म्याहून खाली गेली. ज्या कंपन्यांनी किंमत अनुदान धरून ठरवली होती त्यांची धावपळ उडाली. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्के झाला. इलेक्ट्रिकवर तो आधीपासून ५ टक्के आहे, पण दोघांमधली दरी बरीच बुजली. चार-पाच वर्षं आधी आखलेली योजना असल्या बदलांवर टेकवलेली असेल, तर ती गाडी यायच्या आधीच म्हातारी होते.

मारुती या शर्यतीत उशिरा आली. तिची पहिली इलेक्ट्रिक गाडी, ई-व्हिटारा, ऑगस्ट २०२५ मध्ये गुजरातच्या हंसलपूर कारखान्यातून बाहेर पडली, आणि सुरुवातच निर्यातीनं झाली. टाटाची नेक्सॉन इव्ही जानेवारी २०२० मध्ये आली होती. पाच वर्षं मागे राहण्याची किंमत असते, पण या काळात बॅटरी किती स्वस्त झाली ते बघता तिचा फायदाही आहे.

भाऊंची पुढची गाडी

भाऊंची २०२० ची एर्टिगा अजून चालते. दोन-तीन वर्षांत ती बदलावी लागेल. गुहागर ते मुंबई पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास, सात माणसं, पावसात एसी चालू. घाटावर वीजगाडीची ओढ डिझेलपेक्षाही चांगली असते आणि उतारावर थोडी वीज परत मिळते, हे भाऊ एका ओळखीच्यांच्या गाडीत बसून बघून आले आहेत. पण या भाड्याला ५० किलोवॅट-तासांच्या आसपासची बॅटरी लागेल, आणि गणपतीच्या आदल्या रात्री महामार्गावरच्या चार्जरपुढे जी रांग लागेल तिच्यात त्यांची कमाईची वेळ जाईल. निसर्ग वादळानंतर मंडणगड, दापोली, श्रीवर्धनच्या बऱ्याच गावांत कित्येक दिवस, काही ठिकाणी आठवडे वीज नव्हती. वाड्यांवर तर आजही जून उजाडला की फांदी पडून लाइन जाते. डिझेलचा कॅन भरून ठेवता येतो, हे इथल्या माणसाच्या हिशेबात धरायलाच हवं, आणि कुठल्याही कंपनीच्या सर्व्हेत त्याचा रकाना नसतो. त्यांच्याच गावातल्या स्टँडवरच्या रिक्षावाल्याला मात्र मी आज बिनधास्त इलेक्ट्रिक घे म्हणून सांगतो. रात्री अंगणात लावली की सकाळी भरलेली, दिवसभरात गावाबाहेर जातच नाही.

वर्गात हे प्रकरण संपताना मी मुलांना पुढचं काम देतो. एप्रिल २०२७ पासून कॅफेचा तिसरा टप्पा लागू करायची तयारी आहे, आणि ९०९ किलोच्या आतल्या छोट्या गाड्यांना त्यात सवलत द्यावी की नाही यावर २०२५ मध्ये कंपन्यांत उघड मतभेद होते. मारुतीला सवलत हवी होती, टाटा आणि महिंद्राचा विरोध होता. तीन गाड्या घ्या: स्टँडवरची रिक्षा, शिक्षकाची हॅचबॅक, भाऊंची सात आसनी. प्रत्येकीसाठी कोणता खर्च आकाराबरोबर कमी होतो आणि कोणता होत नाही ते वेगळं काढा. मग सवलत मिळाली तर आणि न मिळाली तर, प्रत्येक मालकाचे पैसे किती किलोमीटरमध्ये वसूल होतात ते मांडा. इंधनाचे भाव आपल्याच तालुक्यातल्या पंपावरचे घ्या, आणि चार्जर मोजायचे असतील तर अॅपवरचे नव्हे, स्वतः जाऊन चालू आहेत का ते बघून मोजा.